माझ्या आवाजात बोलणारा मारीच

पंचवटीत वाढलेल्या माणसाला रामायण वेगळं वाचावं लागत नाही. सीता गुंफा, काळाराम, खाली गंगेवर रामकुंड (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), पुढे तपोवन, तिथे लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं आणि म्हणून गावाचं नाव नाशिक, हे सगळं येता जाता कानावर पडलेलं असतं. इथले रिक्षावाले सुद्धा यात्रेकरूंना सीता गुंफेपासून तपोवनापर्यंत जाईस्तोवर अख्खं अरण्यकांड सांगून मोकळे होतात. गोष्ट म्हणून मलाही सगळं पाठ होतं. पण चाळिशी उलटल्यावर एका आजींकडे एकनाथ महाराजांचं भावार्थ रामायण आतल्या अर्थाने वाचायला बसले आणि तेव्हापासून माझं माझ्याशी जे नातं होतं तेच बदललं, ते कसं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. कारण माझ्यासारख्या कितीतरी जणी (आणि जण पण) मला आजूबाजूला दिसतात, दिवसभर मरमर काम करतात आणि रात्री पाठ टेकली की आपण कशातच काही नाही असं वाटून घेतात.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीत आहे. पार्ट मोजायचे, रिपोर्ट भरायचे, रिजेक्शन आलं की प्रॉडक्शनवाल्यांशी भांडायचं, हे माझं काम आणि ते मला मनापासून आवडतं. त्या वर्षी अप्रेझलमध्ये मला खालचं रेटिंग आलं. कारण विचारलं तर सांगितलं की तुमचं काम चांगलंच आहे हो मॅडम, पण बेल कर्व्ह आहे, कोणालातरी खाली बसवावंच लागतं. मी ज्याला गेज धरायला शिकवलं होतं तो मुलगा माझ्या वर गेला. पैशाचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू, पण त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले तेव्हा जे काही आत कोसळलं ते इन्क्रिमेंटपेक्षा फार जुनं होतं.

लहानपणी वडील आत्याच्या मुलीशी तुलना करायचे, तिला बोर्डात इतके, तुला का नाही. मग कांदेपोह्यांच्या वेळी मुलगी हुशार आहे पण रंग जरा सावळा आहे आणि उंची पण बेताचीच. मग सासरी, नोकरी करते पण पुरणपोळी काही तिला जमत नाही. आयुष्यभर कोणी ना कोणी पट्टी घेऊन उभंच होतं आणि मी प्रत्येक पट्टीसमोर टाचा उंच करून उभी राहत होते. त्या दिवशी घरी येऊन मी बेडरूमचं दार लावून घेतलं आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तू मुळात कमीच आहेस, आता फक्त कागदावर आलं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आजींकडे मी काही शोधायला वगैरे गेले नव्हते. माझी आई त्यांच्याकडे दर रविवारी सकाळी जायची, काळारामाच्या मागच्या गल्लीत लाकडी जिन्याचं जुनं घर आहे त्यांचं. आजी शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायच्या, रिटायर होऊनही जमाना झाला, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे काही दिवस त्यांना वाचता येत नव्हतं. आई म्हणाली, तू चल, तुझं वाचन स्वच्छ आहे, तेवढीच मदत. म्हणून गेले. चार-पाच बायका, एक रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर काका, मध्ये लाकडी व्यासपीठावर जाड पोथी, सुरुवातीला आलं घातलेला चहा.

भावार्थ रामायण प्रचंड आहे, सात कांडं आणि ओव्या चाळीस हजारांच्या आसपास. पण नाथांनी सुरुवातीलाच वाचायची किल्ली हातात दिलेली आहे आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. कौसल्या म्हणजे सद्विद्या, सुमित्रा म्हणजे शुद्धमेधा, कैकेयी म्हणजे अविद्या आणि मंथरा म्हणजे कुविद्या. लक्ष्मण म्हणजे आत्मप्रबोध, आतली जाग. भरत म्हणजे भावार्थ, शत्रुघ्न म्हणजे निजनिर्धार. आणि राम म्हणजे आनंदच देह धरून आलेला. म्हणजे अयोध्या नकाशावर आहे तशी आपल्या आतही आहे आणि ही सगळी माणसं आत्ता, या क्षणी माझ्यातच राहतायत. आपल्याकडे ही पद्धत नवीन नाहीच, नाथांचा विंचू चावला ऐकताना कोणी खरा विंचू शोधत नाही, कामक्रोधाचा विंचू हे खेड्यातल्या माणसालाही कळतं. शंकराचार्यांच्या नावावर जो आत्मबोध आहे त्यातही एक श्लोक आहे, मोहाचा समुद्र ओलांडून, रागद्वेषाच्या राक्षसांना मारून, शांतीसोबत असलेला योगी आत्माराम म्हणून शोभतो. अख्खं रामायण एका श्लोकात आलं आणि सीता तिथे शांती झाली. आजींकडे आम्ही सीतेला शांतीच धरायचो.

वाचायची रीत ठरलेली होती. मी ओवी मोठ्याने वाचायची, आजी साधा अर्थ सांगायच्या, मग त्या विचारायच्या, "हे तुझ्यात कुठे घडतंय गं?" आणि मग थोडा वेळ कोणीच बोलायचं नाही. ज्याला सुचेल त्याने वहीत लिहायचं, मोठ्याने सांगायलाच हवं असं नाही. आणि एक नियम त्या फार कडक पाळायच्या, आतला अर्थ फक्त स्वतःला लावायचा. एका काकूंनी एकदा सांगितलं की मंथरा म्हणजे हुबेहूब माझी जाऊ, तर आजी म्हणाल्या, "जावेला तिचं रामायण आहे, तुम्ही तुमच्यातली मंथरा दाखवा." सुरुवातीला मला वाटायचं की असे अर्थ काय, कशातूनही काहीही काढता येतं. पण या नियमामुळे तो प्रश्न बराचसा सुटला, कारण अर्थ दुसऱ्याकडे वळवायची सोयच नव्हती, तो येऊन मलाच लागायचा.

आणि सगळीकडे हा अर्थ बसवायचाच असाही त्यांचा हट्ट नव्हता. शूर्पणखेच्या प्रसंगाला मी अडले, मला ते वाचवेना. वासना आहे म्हणून कापली असं म्हणून पुढे जायला मी तयार नव्हते, शेवटी ती एक बाई आहे आणि तिला विद्रूप केलंय. आजींनी मला गप्प केलं नाही. त्या म्हणाल्या, "मला पण तिथे टोचतं, अजून टोचतं, ते टोचू दे." हे ऐकल्यावर माझा त्यांच्यावर जो विश्वास बसला तो बसलाच.

पहिला दणका मंथरेने दिला. वाल्मीकींमध्ये (आजी अधूनमधून मूळ वाल्मीकी काढायच्या) रामाला राज्याभिषेक होणार हे मंथरा येऊन सांगते तेव्हा कैकेयीला आनंद होतो. खरा आनंद, ती मंथरेला दागिना काढून देते. तिला भरत आणि राम यात फरकच वाटत नसतो. मग मंथरा काय करते, काहीही खोटी बातमी देत नाही, फक्त तुलना करते. कौसल्या राजमाता होईल आणि तू तिच्यापुढे हात जोडून उभी राहशील. बस. तेवढ्यावर भरल्या घरातली लाडकी राणी दागिने फेकून कोपभवनात जमिनीवर जाऊन पडते. मी हे वाचत होते आणि माझा आवाज अडकला, कारण बेडरूमचं दार लावून पडलेली मी मला दिसत होते. त्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या कामात मला आनंद होता. काम तेच, हात तेच, मी तीच. मध्ये फक्त एक यादी आली होती ज्यात माझं नाव कोणाच्या तरी खाली होतं. वहीत मी लिहिलं, आनंद माझाच होता आणि तुलना बाहेरून आत आली. नंतर मी मागे जाऊन बघायला लागले, आत्याची मुलगी, कांदेपोहे, पुरणपोळी, प्रत्येक ठिकाणी मंथरा येऊन गेलेली. अविद्या एकटी फार काही करत नाही, तिच्या कानाशी कुविद्या लागते तेव्हा घर मोडतं, असं आजी म्हणायच्या.

पण ज्या भागाने मला मुळापासून हलवलं तो आमच्या पंचवटीतलाच. सोन्याचं हरीण. आता हरीण म्हणजे मोह, हे तर शाळेतली मुलं पण सांगतील, आणि माझं हरीण कोणतं हे शोधायलाही वेळ लागला नाही, कोणीतरी मला छान म्हणावं हेच ते. ते चमकतं, जवळ येतं, हात पुढे केला की दोन झाडं पुढे पळतं. आजींनी मला तिथे थांबू दिलं नाही, पुढे वाच म्हणाल्या. पुढे मारीच बाण लागून पडतो आणि मरताना ओरडतो, हा सीते, हा लक्ष्मणा. आणि तो ओरडतो रामाच्या आवाजात.

आजी म्हणाल्या, "कोणाच्या आवाजात?"

मी म्हटलं, "रामाच्या."

"मग सीतेने काय करावं? आवाज तर ओळखीचा आहे. सगळ्यात जवळच्या माणसाचा आहे."

मी गप्प बसले. आणि मग मला ते वाक्य आठवलं, तू मुळात कमीच आहेस. हे वाक्य माझ्या डोक्यात कोणाच्या आवाजात येतं? साहेबांच्या नाही, वडिलांच्या नाही, सासूबाईंच्या पण नाही. माझ्याच आवाजात येतं. म्हणूनच तर मी इतकी वर्षं ते खरं मानत आले, बाहेरचं कोणी बोललं असतं तर भांडले असते, मी भांडकुदळ आहे तशी, पण आपल्याच आतून आपल्याच आवाजात कोणी सांगत असेल तर भांडणार कोणाशी? आणि नाथांची किल्ली लावली तर पुढचं सगळं उलगडत जातं. लक्ष्मण, म्हणजे आतली जाग, तो शांतपणे सांगतो की हा रामाचा आवाज नाही, रामाला काही होऊच शकत नाही. आणि घाबरलेली सीता त्यालाच नको नको ते बोलते आणि घालवून देते. जाग गेली, मग दारात रावण येतो तो सुद्धा भिक्षुकाच्या वेषात, अगदी सज्जन बनून. माझ्याकडे तो नम्रपणाच्या वेषात येतो. आपण कशाला पुढे पुढे करायचं, आपली तेवढी लायकी कुठे, असं बोलतो आणि ऐकायला किती छान वाटतं ते.

त्या दिवशी घरी चालत जाताना भर रस्त्यात मी थांबलेच, आजूबाजूला फुलवाले, प्रसादाची दुकानं, यात्रेच्या बसमधून उतरलेली माणसं, सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेला रस्ता, आणि मला हसू पण येत होतं आणि रडू पण. जन्मापासून या गल्ल्यांतून फिरले आणि मारीच इथे ओरडला होता हे मला रोज माहीत होतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि ती अजून चालू आहे. असा विचार आला की त्याला उलटं उत्तर द्यायचं नाही, मी हुशार आहे मी छान आहे वगैरे आरशासमोर म्हणायचं नाही, ते मी आधी करून पाहिलं होतं आणि त्याने काही होत नाही कारण ती पण एक पट्टीच. फक्त विचारायचं, हे कोण बोलतंय? एवढंच. लक्ष्मणाला दारात उभं ठेवायचं. सुरुवातीला दिवसभर हेच चालायचं, पार्ट मोजायचं व्हर्नियर हातात आणि डोक्यात कोण बोलतंय कोण बोलतंय. आणि हळूहळू कळायला लागलं की बोलणारा वेगळा आहे आणि ऐकणारी वेगळी आहे. विचार येतो, मला तो कळतो, तो जातो, ते पण मला कळतं. जिला कळतं ती कमी कशी असेल? ती कोणत्याच यादीत नाहीये.

इथे मी आजींना एक प्रश्न विचारला होता, थोडा रागानेच. म्हटलं, हे सगळं ठीक आहे हो आजी, पण सीता गेली ना शेवटी पळवून? शांती गेलीच ना? तेव्हा त्यांनी अध्यात्म रामायण काढायला लावलं. त्यात हरणाच्या आधीच राम सीतेला सांगतो की तू अग्नीत गुप्त होऊन राहा आणि पर्णकुटीत तुझी छाया ठेव. म्हणजे रावणाने नेली ती छाया, खरी सीता क्षणभरही कोणाच्या हाती लागली नाही. मी म्हटलं, मग एवढं युद्ध कशासाठी? त्या म्हणाल्या, "सावली हरवली तरी माणूस खरंच रडतो ना गं, मग ती आणायला खरंच जावं लागतं." मला हे पूर्ण पटायला बराच काळ गेला. पण जेव्हा पटलं तेव्हा असं पटलं, की मी हरवलं हरवलं म्हणून जे रडत होते, माझी किंमत, ते कोणी नेऊच शकत नव्हतं, ना वडील ना ते रेटिंग. नेली होती ती माझ्या मनातली माझी प्रतिमा. दुःख खोटं नव्हतं. पण जे हरवलं ते मी नव्हते.

आता याचा अर्थ असा होतो का की आतलं शोधलं म्हणजे बाहेर अन्याय झाला तरी चालेल? हा प्रश्न आमच्या एसटीच्या काकांनी उपस्थित केला आणि तो त्यांनीच करायला हवा होता. ज्या काळारामाच्या सावलीत आम्ही बसून हे वाचत होतो त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला, कारण अस्पृश्य म्हणून हजारो माणसांना आत जाऊन रामाचं दर्शन घ्यायला बंदी होती. काकांचे आजोबा त्यात होते. काका म्हणाले, "राम सगळ्यांच्या आत आहे हे तेव्हाही पोथीत लिहिलेलंच होतं. तरी दार बंदच होतं. माझे आजोबा काही रामाकडून लायकी मागायला गेले नव्हते, ती त्यांना माहीत होती, म्हणूनच दारात बसले." खोलीत कोणी काही बोललं नाही. आजींनी पण त्यावर काही जोडलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं तेच बरोबर होतं.

माझ्या बाबतीत काकांच्या बोलण्याचा परिणाम असा झाला की मी एचआरला मेल लिहिला. आधी पण लिहिणार होते पण ते रडगाणं झालं असतं. आता साधं लिहिलं, वर्षभरात कोणते पार्ट मंजूर करून घेतले, कस्टमर कंप्लेंट किती कमी झाल्या, आणि कोणत्या निकषावर मला खाली ठेवलं ते लेखी कळवा. रेटिंग बदललं नाही. लेखी उत्तरही गोलमोलच आलं. पण तो मेल पाठवताना माझा हात कापला नाही आणि उत्तर वाचून मी बेडरूमचं दार लावलं नाही, संध्याकाळी मेथीची भाजी निवडत बसले आणि मुलीला तिचा सायन्सचा धडा विचारत होते.

किष्किंधाकांडाच्या शेवटी एक जागा आहे, ती मी अप्रेझलच्या सीझनला आमच्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांना सांगते. वानरसेना समुद्रकाठी येऊन बसली आहे, पलीकडे लंका, मध्ये शंभर योजनं पाणी. आणि मग वाल्मीकींमध्ये चक्क मीटिंग होते. प्रत्येक जण उठून आपला आकडा सांगतो. गज म्हणतो मी १० योजनं उडेन, गवाक्ष म्हणतो २०, असं वाढत वाढत म्हातारा जांबवंत म्हणतो आता मला ९०, अंगद म्हणतो १०० जाईन पण परत येईन की नाही सांगता येत नाही. सगळे आकडे मोजून झाले आणि काम कोणाच्याच आकड्यात बसेना. आणि हनुमान? तो बाजूला गप्प बसलाय. त्याने आकडाच सांगितलेला नाही. मग जांबवंत त्याच्याकडे जातो आणि त्याला काय देतो, काहीच देत नाही. ट्रेनिंग नाही, हिंमत नाही, वर नाही. तू कोण आहेस, कोणाचा आहेस, कसा जन्मलास ते फक्त सांगतो. आणि ते ऐकता ऐकता हनुमान वाढायला लागतो.

मी आकड्यांच्या खोलीत आयुष्य काढलेली बाई, मला हे वाचताना अंगावर काटा आला. आणि पावसाळ्याचे दिवस होते, त्याच आठवड्यात धरणातून पाणी सोडलं म्हणून सगळं नाशिक रामकुंडावर पूर बघायला लोटलं होतं. आमच्याकडे पूर मोजायची रीत म्हणजे दुतोंड्या मारुती, रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली मारुतीची मोठी मूर्ती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशीच बातमी फिरते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण तेवढंच विचारायचं असतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? २०१९ च्या पुरात तर तो पूर्णच पाण्याखाली गेला होता. त्या दिवशी पुलावर छत्री धरून उभी राहिले आणि पाणी त्याच्या कमरेच्या वर चढताना बघत होते. आजूबाजूचे सगळे म्हणत होते वाढलं वाढलं. वाढत होतं पाणी. मारुती आहे तेवढाच होता. माझं रेटिंग, मुलीचे मार्क, सासूबाईंचं कौतुक, नवऱ्याचा मूड, ही सगळी चढउतार करणारी पाण्याची पातळी आहे आणि ती मी आजवर माझी उंची समजत होते, हे मला तिथे पुलावर, धक्काबुक्कीत, पाय ओले झालेले असताना इतकं स्वच्छ दिसलं की पोथीत पण इतकं दिसलं नव्हतं.

नंतर एका रविवारी आम्ही सगळे टाकळीला गेलो. समर्थ रामदासांनी तरुण वयात बारा वर्षं तिथे नंदिनीच्या पाण्यात उभं राहून जप केला, शेणाचा मारुती आहे तो त्यांनीच स्थापलेला. आजींनी तिथे हनुमंताच्या तोंडी सांगितला जाणारा श्लोक म्हटला. देहाच्या बुद्धीने मी तुझा दास, जीवाच्या बुद्धीने तुझा अंश, आत्म्याच्या बुद्धीने जो तू तोच मी. मला यातलं सगळ्यात जास्त हे आवडतं की तिन्ही एकदम खरं आहे. आत्मबुद्धी आली म्हणून दासपण टाकून द्यायचं नाही. कंपनीत मी कर्मचारीच आहे, साहेब सांगतील ते काम करायचंय, आठची बस पकडायची आहे. फक्त तेवढीच मी आहे असं आता वाटत नाही. आणि दुसऱ्या कोणाला तेवढंच समजता पण येत नाही. आमच्याकडे कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या मावशी आहेत, पूर्वी पण मी त्यांच्याशी नीटच बोलायचे, पण आता त्यांच्याशी बोलताना वेगळं होतं काहीतरी, मला ते शब्दात पकडता येत नाही.

बदल बाकी छोटे छोटेच आहेत. स्वयंपाक केल्यावर कसं झालंय हे विचारायची माझी खोड गेली, जेवणारे जेवतात आणि मी पण जेवते. मुलीचा दहावीचा रिझल्ट लागला तेव्हा बाकीच्यांना किती पडले हे मी तिला विचारलं नाही, तिनेच आश्चर्याने सांगितलं. वडील आता थकलेत, परवा त्यांनी पुन्हा आत्याच्या मुलीचा विषय काढला, तिने गंगापूर रोडला फ्लॅट घेतला म्हणून. मी म्हटलं, बरं झालं हो बाबा, छान झालं, आणि मला खरंच छान वाटलं होतं. कैकेयीला पहिल्यांदा वाटलं होतं ना तसं. वाईट दिवस येत नाहीत असं नाही. मारीच अजूनही ओरडतो, कधी कधी रात्री तीनला ओरडतो आणि मी उठून बसते पण. पण आता लक्ष्मणाला मी घालवून देत नाही.

कोणाला असं वाचायचं असेल तर माझं इतकंच सांगणं आहे की एकट्याने वाचू नका, निदान एक जण तरी असा बरोबर घ्या जो तुम्हाला अर्थ दुसऱ्यावर ढकलू देणार नाही. आणि घाई करू नका, रोज चार ओव्या झाल्या तरी पुष्कळ. मोठ्याने वाचा. मनात वाचताना आपण पुढे पळतो, मोठ्याने वाचताना जिथे अडकायचं तिथे गळा आपोआप अडकतो.

आजींचे डोळे आता बरे झालेत, त्या स्वतः वाचू शकतात, तरी वाचायचं काम माझ्याकडेच ठेवलंय. आम्ही युद्धकांडात आहोत. नाथांनी युद्धकांडाचे ४४ अध्याय लिहिले आणि १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला, पुढचं सगळं रामायण त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केलं. गावबाबद्दल असं सांगतात की पुरणपोळीच्या ओढीने नाथांकडे आलेला मुलगा, लोक त्याला वेडगळ म्हणायचे, गुरुमंत्र दिला तर तो घेईना, एकनाथ एवढंच नाव घेत बसायचा. आणि पैठणसारख्या पंडितांच्या गावात नाथांनी पोथी सोपवली ती त्याच्याकडे. येत्या रविवारी ४५वा अध्याय, म्हणजे गावबाचा पहिला. आजी म्हणाल्या आहेत की या वेळी पुरण मी घालणार आणि पोळ्या तू लाटायच्या.